मराठीतून इंग्रजीत जाताना नेमके कुठे अडते? : व्याकरणाच्या आणि शब्दांच्या शंका

गोदाकाठ :
नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत, मी संध्याकाळी प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग घेतो. वर्गात द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रे पाहणारे तरुण आहेत, स्पर्धा परीक्षा देणारे आहेत, दुकान सांभाळणारे आहेत आणि मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आयाही आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० सालापासून. त्याआधी शिकलेल्यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. तरीही दोन्ही पिढ्यांच्या शंका मला जवळजवळ सारख्याच आढळतात, आणि त्यामुळे माझे एक मत पक्के होत गेले आहे.

मत असे की आपल्या बहुतेक चुका विस्कळीत नसतात. त्यांना शिस्त असते आणि ती शिस्त मराठी व्याकरणाची असते. विद्यार्थी मराठी वाक्याचे नियम इमानाने पाळतो, फक्त शब्द इंग्रजी वापरतो. म्हणून इंग्रजी वाक्य दुरुस्त करण्याआधी त्यामागचे मराठी वाक्य फळ्यावर लिहून काढावे, म्हणजे चूक कुठून आली हे डोळ्यांना दिसते. शिकवण्यांमध्ये मराठी शब्द तोंडातून काढायचाच नाही अशी जी सक्ती केली जाते, ती मला यासाठीच घातक वाटते.

वर्गात सतत येणाऱ्या तीन शंका येथे मांडतो. 'अ', 'ॲन' आणि 'द' यांचे काय करायचे? 'आय हॅव सीन' केव्हा आणि 'आय सॉ' केव्हा? आणि 'हॅड' इतक्या ठिकाणी चुकीचे का ठरते? जाणकारांनी आपापल्या अनुभवातील उदाहरणे द्यावीत, ही विनंती.

अक्षरवेल :
निवृत्तीपूर्वी मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवत असे. आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. पहिल्या शंकेतील 'अ' आणि 'ॲन' यांच्यापुरते बोलायचे तर येथे मराठी माणसाला खरोखर एक सवलत मिळालेली आहे, आणि ती आपण वापरत नाही.

पुस्तकात नियम असा दिलेला असतो की पाच इंग्रजी स्वरांपूर्वी 'ॲन' लावावे. मुले हा नियम स्पेलिंगकडे पाहून लावतात आणि 'ॲन युनिव्हर्सिटी' किंवा 'अ अवर' असे लिहून गुण घालवतात. वास्तविक हा नियम कानाचा आहे, आणि देवनागरी ही उच्चार दाखवणारी लिपी आहे. तेव्हा तो शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर अ पासून औ पर्यंतचे असेल किंवा ॲ, ऑ असेल तर 'ॲन' आणि व्यंजन असेल तर 'अ'. युनिव्हर्सिटी य ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. अवर अ ने, म्हणून 'ॲन अवर'. 'वन-वे रोड' व ने, म्हणून 'अ वन-वे रोड', जरी स्पेलिंगमध्ये पहिला स्वर 'ओ' असला तरी.

आद्याक्षरांनी बनलेल्या नावांत तर स्पेलिंगचा काहीच उपयोग नसतो. एफआयआर, एमआरआय, एसटी, एक्स-रे यांची इंग्रजी अक्षरे व्यंजने आहेत, पण देवनागरीत पहिले अक्षर 'ए' येते, म्हणून 'ॲन एफआयआर', 'ॲन एमआरआय', 'ॲन एसटी बस'. उलट यूपीएससी किंवा यू-टर्न य ने सुरू होतात, म्हणून 'अ'. 'द' चा उच्चार 'द' करायचा की 'दी', हेही याच कसोटीवर ठरते : 'द बुक', पण 'दी ऑफिस'.

रानपाखरू :
अक्षरवेलबाई, ही कसोटी फार सुंदर आहे. मी ती आजच माझ्या अकरावीतल्या भावाला सांगितली. पण त्याने विचारलेल्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण 'हॅपी न्यू इयर' असे 'इ' ने लिहितो. मग 'ॲन इयर' म्हणायचे का? शिवाय आमच्याकडे घरातली वडील माणसे एसटीला 'यष्टी' म्हणतात. त्यांच्या उच्चाराने गेलो तर 'अ' लावावा लागेल.

अक्षरवेल :
भावाला शाबासकी सांगावी. कान आणि वर्ष या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द मराठीत आपण सारखेच लिहितो, हा आपल्या लेखनाचा दोष आहे. इंग्रजीत वर्ष या अर्थाच्या शब्दाच्या आरंभी य आहे आणि कान या अर्थाच्या शब्दाच्या आरंभी नाही. म्हणून 'अ यिअर' आणि 'ॲन इअर'. हे दोन शब्द मोठ्याने म्हणताना पहिल्या शब्दात जिभेचा मधला भाग टाळूकडे वर जातो, तो जाणीवपूर्वक न्यावा लागतो. पूर्वेकडचा 'ईस्ट' आणि पावात घालतात ते 'यीस्ट' यांतही हाच फरक आहे. कसोटी देवनागरीची, पण देवनागरीत लिहिलेले मूळ उच्चाराला धरून असावे, एवढी अट तिला जोडावी. 'यष्टी' हा आपल्या मातीतला उच्चार आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त इंग्रजी वाक्य बोलताना 'एस' चा 'ए' मोकळा ठेवावा.

आता 'द'. मराठीत उपपद नाही, म्हणून हे आपल्याला कधीच नीट जमणार नाही असे अनेक शिक्षक सांगतात. ते मला पटत नाही. 'कोणताही एक' आणि 'तोच तो' हा भेद मराठीतही आहे, फक्त तो वेगळ्या जागी राहतो. ही दोन वाक्ये पाहा : 'आई माळी शोधते आहे.' 'आई माळ्याला शोधते आहे.' पहिल्या वाक्यात बागेला माळी हवा आहे, कोणीही चालेल. दुसऱ्या वाक्यात ठरलेला माळी आहे आणि तो आत्ता दिसत नाही. केवळ एका 'ला' ने हा फरक होतो आणि चार वर्षांच्या मुलालाही तो कळतो. इंग्रजीत पहिल्याला 'लुकिंग फॉर अ गार्डनर' आणि दुसऱ्याला 'लुकिंग फॉर द गार्डनर'. ज्याला 'माळी' आणि 'माळ्याला' यांतला फरक कळतो, त्याला 'अ' आणि 'द' यांतला फरक आधीच ठाऊक आहे.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मात्र हा 'ला' मिळत नाही. 'मी पुस्तक वाचले' यातले पुस्तक कोणतेही असू शकते किंवा ठरलेलेही असू शकते, आणि आपण ते संदर्भावर सोडून देतो. इंग्रजी सोडून देऊ देत नाही. अशा वेळी स्वतःला विचारावे की ऐकणाऱ्याला कोणते ते समजले आहे का. समजले असेल तर 'द'. गावात सरपंच एकच असतो, म्हणून 'आय मेट द सरपंच', पण ग्रामपंचायतीचे सदस्य अनेक, म्हणून 'आय मेट अ मेंबर ऑफ द ग्रामपंचायत', कारण ग्रामपंचायत पुन्हा एकच. आणि सर्वसाधारण विधान करताना अनेकवचनापूर्वी काहीच लावू नये : 'चिल्ड्रेन लाइक स्वीट्स'. तेथे 'द चिल्ड्रेन' म्हटले की ऐकणारा विचारतो, कोणती मुले?

गोदाकाठ :
बाई, 'माळ्याला' चे उदाहरण उद्याच फळ्यावर जाईल. मनापासून आभार.

दुसऱ्या शंकेवर मी माझे निरीक्षण मांडतो. शाळेत आपल्याला सांगितले जाते की 'वाचले' म्हणजे साधा भूतकाळ आणि 'वाचले आहे' म्हणजे 'हॅव रेड'. हे समीकरण इतके सोयीचे आहे की विद्यार्थी त्यावर आयुष्यभर विसंबून राहतात. पण मराठीत 'मी हे पुस्तक गेल्या वर्षी वाचले आहे' हे वाक्य अगदी निर्दोष आहे. 'मी त्यांना २०१५ साली भेटलो आहे' हेही कोणाला खटकणार नाही. मराठीतला 'आहे' एवढेच सांगतो की ती गोष्ट आज माझ्या खात्यावर जमा आहे. ती केव्हा घडली हे त्याच वाक्यात सांगायला मराठीची हरकत नसते.

इंग्रजीची हरकत नेमकी तेथे आहे. 'आय हॅव रेड' म्हटल्यावर वाक्यात 'लास्ट यिअर', 'यस्टर्डे', 'इन २०१५' असे संपून गेलेल्या काळाचे नाव घेता येत नाही. म्हणून मी वर्गात एकच प्रश्न विचारायला शिकवतो : वाक्यात 'केव्हा?' चे उत्तर आहे का, आणि तो काळ संपला आहे का? दोन्हींचे उत्तर हो असेल तर 'हॅव' खोडावे आणि 'आय रेड इट लास्ट यिअर' लिहावे. काळ अजून चालू असेल, उदाहरणार्थ 'धिस वीक' किंवा 'सो फार', तर 'हॅव' राहू द्यावे. अमेरिकन बोलीत 'ऑलरेडी' आणि 'येट' यांच्याबरोबरही साधा भूतकाळ सर्रास चालतो. त्यामुळे तिकडच्या मालिका पाहणाऱ्यांचा गोंधळ होतो, पण 'लास्ट यिअर' बरोबर 'हॅव' तेथेही चालत नाही.

याच घरातली दुसरी शंका 'पासून' ची. 'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो.' मराठीत हा साधा वर्तमानकाळ आहे, कारण राहणे आजही चालू आहे. विद्यार्थी तो तसाच उचलतो : 'आय लिव्ह इन पुणे सिन्स टेन यिअर्स.' येथे दोन दुरुस्त्या लागतात. काल सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' लागते. दुसरे असे की मराठीचा एकच 'पासून' आरंभबिंदूलाही लागतो आणि कालावधीलाही, म्हणजे '२०१८ पासून' आणि 'दहा वर्षांपासून'. इंग्रजीत बिंदूला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' अशी वाटणी आहे. ज्या ठिकाणी मराठीत 'पासून' काढून 'गेली' घालता येते, म्हणजे 'गेली दहा वर्षे', तेथे 'फॉर' घ्यावे. 'गेली २०१८' असे कोणी म्हणत नाही, म्हणून तेथे 'सिन्स'. ही युक्ती वर्गातल्या एका गृहिणीने स्वतः शोधून काढली आणि आम्ही सर्वजण ती आता वापरतो.

सह्यवाट :
तिसऱ्या शंकेबद्दल मलाच विचारायचे आहे. मी एका कारखान्याच्या कार्यालयात काम करतो. परदेशातील ग्राहकांना मेल लिहिताना 'आय हॅड सेंट द ड्रॉइंग ऑन मंडे' असे मी नेहमी लिहितो. आमचे वरिष्ठ प्रत्येक वेळी 'हॅड' काढून टाकतात, पण कारण सांगत नाहीत. 'मी सोमवारी ड्रॉइंग पाठवले होते' याचे इंग्रजी दुसरे काय होणार?

गोदाकाठ :
सह्यवाट, आपले मराठी वाक्य बरोबर आहे आणि म्हणूनच 'हॅड' येतो. मराठीत 'होते' ची कामे बरीच आहेत. 'मी काल नाशिकला गेलो होतो' म्हटले की जाऊन परत आल्याचे कळते. 'काल फोन केला होता' म्हटले की ती गोष्ट मागे पडली आणि आता तिच्याविषयी बोलणे आहे, असे सुचते. आपल्या मेलमध्ये 'पाठवले होते' यात थोडी आठवणही करून दिलेली असते. हे सारे आपण एका 'होते' वर सोपवतो.

इंग्रजीतल्या 'हॅड सेंट' ला मुख्य काम एकच : भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधीची घटना दाखवणे. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' यात दोन घटना आहेत आणि सुटणे पोचण्याच्या आधीचे आहे, म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट' हे अचूक. आपल्या मेलमध्ये दुसरी घटना नाही, त्यामुळे वाचणारा ती येण्याची वाट पाहत राहतो. 'आय हॅड सेंट द ड्रॉइंग' एवढ्यावर थांबले तर पुढे 'पण नंतर ते मागे घेतले' असे काहीतरी यायचे राहिले आहे असे त्याला वाटू शकते. 'आय सेंट द ड्रॉइंग ऑन मंडे' पुरेसे आहे. वरिष्ठांनी हे दोन मिनिटांत समजावून सांगितले असते तर आपला गोंधळ केव्हाच मिटला असता.

भूतकाळाचा असाच आणखी एक चकवा जोडतो. 'पाऊस आला तर सामना होणार नाही' या वाक्यात मराठी 'आला' वापरते, पण बोलणे उद्याचे आहे. हा 'आला' पाहून कोणी 'इफ इट रेन्ड' लिहितो, तर कोणी उद्याचे आहे म्हणून 'इफ इट विल रेन' लिहितो. इंग्रजीत येथे साधा वर्तमानकाळ हवा : 'इफ इट रेन्स'. 'आला असता तर' ही रचना मात्र जवळजवळ जशीच्या तशी 'इफ इट हॅड रेन्ड' मध्ये उतरते, आणि तेथे आपली मुले सहसा चुकत नाहीत.

दस्तऐवज :
मी न्यायालयीन कागदपत्रांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करतो. या धाग्यात 'की' चा विषय अजून आला नाही, म्हणून लिहितो. माझ्या कामात सर्वात गंभीर चुका येथे होतात.

मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण बहुधा त्याचे सर्वनाम बदलत नाही. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' यातला 'मी' म्हणजे तोच. 'की' नंतर जणू अवतरणचिन्ह उघडते. इंग्रजीत 'दॅट' नंतर असे काही उघडत नाही. तेथे सारी सर्वनामे सांगणाऱ्याच्या बाजूने बदलावी लागतात. 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो' याचा अर्थ होतो : येणारा तो नव्हे, हे वाक्य सांगणारा मनुष्य. बरोबर रूप : 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग द नेक्स्ट डे'.

घरगुती बोलण्यात हे निभावून जाते. जबाबात ते निभावत नाही. फिर्यादीचा जबाब असा असतो : 'आरोपी मला म्हणाला की मी तुला सोडणार नाही.' हे शब्दशः उतरवले, तर इंग्रजी वाचणाऱ्यासाठी धमकी देणारा फिर्यादी ठरतो. सर्वनामे बदलून 'ही वुड नॉट स्पेअर मी' असे करावे लागते. जेथे तिसरीच व्यक्ती साक्ष देत असते, तेथे 'ही' आणि 'हिम' यांतला कोण कोणता हे पुन्हा संदिग्ध होते. तेथे मी सर्वनामे टाळून 'आरोपी' आणि 'फिर्यादी' हेच शब्द पुन्हा लिहितो किंवा मूळ बोलणे अवतरणात जसेच्या तसे ठेवतो. वाक्य कानाला जड लागले तरी चालेल, पण कोणी कोणाला काय म्हटले याविषयी शंका राहता कामा नये.

'शोधणे' या क्रियापदाबाबतही हीच काळजी घ्यावी. 'पोलिसांनी त्या माणसाला शोधले' याचे 'द पोलीस सर्च्ड द मॅन' केले तर अर्थ होतो पोलिसांनी त्याची अंगझडती घेतली. माणूस हुडकत होते असे म्हणायचे असेल तर 'सर्च्ड फॉर', आणि सापडला असेल तर 'फाउंड'. घराला 'सर्च्ड' म्हणजे घराची झडती. 'फॉर' या एका शब्दाने पंचनाम्याचा अर्थ फिरतो.

रानपाखरू :
दस्तऐवज, आपला प्रतिसाद वाचून धडकी भरली. शब्दांचा विषय निघालाच आहे तर 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांचे कोडे कोणी सोडवेल का? आणि 'से' व 'टेल' यांचे? भावाची यात फार गल्लत होते.

अक्षरवेल :
या दोन्हींत मराठी आपल्या बाजूने उभी आहे. 'दिसणे' आणि 'पाहणे' हा भेद मनात धरावा. आपोआप डोळ्यांना होते ते दिसणे, म्हणजे 'सी'. आपण हेतूने करतो ते पाहणे, म्हणजे 'लुक ॲट', आणि हलत्या, घडत्या गोष्टीकडे काही वेळ पाहत राहणे म्हणजे 'वॉच'. 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' यांतही तसेच : 'हिअर' आणि 'लिसन टू'. शाळेत 'सी म्हणजे पाहणे' असे पाठ करून घेतात आणि तेथेच हा सोपा रस्ता बंद होतो. 'सी म्हणजे दिसणे' असे सांगितले असते, तर मूल 'आय ॲम सीइंग द बोर्ड' म्हणाले नसते. चित्रपटाला मात्र 'सी' आणि 'वॉच' दोन्ही चालतात.

'म्हणणे' हे 'से' आणि 'सांगणे' हे 'टेल'. सांगायला कोणीतरी समोर लागते, म्हणून 'टेल' नंतर लगेच व्यक्ती येते : 'ही टोल्ड मी'. व्यक्ती न घालता 'ही टोल्ड दॅट' म्हणू नये आणि 'ही सेड मी' तर मुळीच नाही. पैसे उसने देणे म्हणजे 'लेंड', उसने घेणे म्हणजे 'बॉरो'. मराठीत 'उसने' दोन्हीकडे असल्यामुळे 'कॅन यू बॉरो मी अ पेन' असे होते.

शब्दयोगी अव्यये मात्र सरळ पाठच करावीत. आपण कोणावर रागावतो म्हणून 'अँग्री ऑन' होते, तेथे 'विथ' हवे. कोणाशी लग्न करतो म्हणून 'मॅरीड विथ' होते, तेथे 'टू' हवे. विषयावर चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' होते, तेथे काहीच नको. यांत तर्क शोधत बसू नये.

सागरापार :
मी मूळची कोल्हापूरची, सध्या इंग्लंडमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. नोंदणीसाठी आमच्यापैकी बहुतेकींनी आयईएलटीएस किंवा ओईटी या परीक्षा दिलेल्या असतात, त्यामुळे वर चर्चिलेले बरेच नियम आम्हाला परीक्षेपुरते येतात. पण एक गोष्ट कामावर रुजू झाल्यावर खऱ्या अर्थाने कळते. ती म्हणजे नकारार्थी प्रश्नाला दिलेले 'हो'.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला विचारले जाते : 'यू हॅवन्ट ईटन एनीथिंग, हॅव यू?' मराठीत 'तुम्ही काही खाल्ले नाही ना?' या प्रश्नाला 'हो, नाही खाल्ले' असे उत्तर सहज येते. तो 'हो' प्रश्न विचारणाऱ्याच्या बोलण्याला दिलेला दुजोरा असतो. इंग्रजीत 'येस' दुजोरा देत नाही, तो घडल्याचे सांगतो. तेथे नुसते 'येस' म्हटले तर अर्थ होतो : होय, मी खाल्ले आहे. पोटात अन्न असताना भूल देणे धोक्याचे असते, कारण उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाऊ शकते. त्यामुळे असे उत्तर आल्यावर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. येथे येणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना मी आवर्जून सांगते की अशा प्रश्नाला 'येस' किंवा 'नो' यांवर थांबू नका, 'नो, आय हॅवन्ट ईटन' असे पूर्ण वाक्य म्हणा. आणि आपण परिचारिकांनी प्रश्नच असा नकारार्थी विचारू नये. 'व्हेन डिड यू लास्ट ईट?' असे विचारले की गैरसमजाला जागाच उरत नाही.

आणखी एक. 'मला दोन मुले आहेत' याचे 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रेन' असे भाषांतर करू नये. जवळ असणे, नाते असणे, माहीत असणे या स्थिती आहेत आणि त्यांना इंग्रजीत चालू काळ लागत नाही. 'शी इज हॅविंग ट्विन्स' याचा येथे सरळ अर्थ होतो की तिला जुळे होणार आहे. जेवण, अंघोळ, त्रास यांना मात्र 'हॅविंग' चालते. 'आय ॲम हॅविंग चेस्ट पेन' असे म्हणणाऱ्या रुग्णाला कोणी दुरुस्त करत बसणार नाही, कारण ते बरोबर आहे. 'आय ॲम हॅविंग डायबेटिस' मात्र बरोबर नाही. तो आजार अंगी असणे ही स्थिती आहे.

सह्यवाट :
सागरापारताई, आपण लिहिले ते फार मोलाचे आहे. माझी आई पुढच्या उन्हाळ्यात बहिणीकडे लंडनला जाणार आहे, तिला हे वाचून दाखवतो.

एक प्रश्न शब्दांविषयी. 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'पास आउट' हे शब्द कार्यालयात रोज वापरले जातात. ते चूक आहेत का?

दस्तऐवज :
चूक म्हणण्याचे कारण नाही. 'प्रीपोन' ला ऑक्सफर्डच्या कोशांत भारतीय इंग्रजी असा शेरा देऊन जागा मिळालेली आहे. 'पोस्टपोन' च्या उलट अर्थाचा एकच शब्द हवा होता, तो आपण घडवला, आणि मला तो अभिमानाने वापरावासा वाटतो. पण ज्याला पत्र लिहायचे तो भारताबाहेरचा असेल, तर 'मूव्ह द मीटिंग टू मंडे' असे लिहावे. 'डू द नीडफुल' ऐवजी नेमके काय करून हवे ते लिहिणे केव्हाही चांगले. 'पास आउट' मध्ये मात्र सावध राहावे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 'पासिंग आउट परेड' होते, तेथे तो लष्करी शिक्षण पूर्ण करण्याचा शब्द आहे आणि ब्रिटिश इंग्रजीतही तो तसा आहे. महाविद्यालयाच्या बाबतीत 'आय पास्ड आउट इन २०१९' असे परदेशी मुलाखतीत सांगितले, तर समोरच्याला वाटेल की आपण त्या वर्षी बेशुद्ध पडलो होतो. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणावे.

चांदणवेळ :
हा सारा धागा मी मुलाला शेजारी बसवून वाचला. तो सातवीत, मराठी माध्यमात आहे. त्याच्या वहीत बाईंनी 'आय डोन्ट नो व्हेअर इज माय बुक' या वाक्याखाली लाल रेघ ओढली आहे. पण पाठ्यपुस्तकात 'व्हेअर इज माय बुक?' असेच छापलेले आहे. तो म्हणतो, पुस्तक चूक की बाई चूक?

गोदाकाठ :
दोघेही बरोबर आहेत, आणि त्याने विचारले हे फार चांगले केले. 'माझे पुस्तक कुठे आहे?' हा प्रश्न मराठीत दुसऱ्या वाक्यात ठेवला तरी आतून बदलत नाही : 'माझे पुस्तक कुठे आहे मला माहीत नाही.' इंग्रजीत तो बदलतो. सरळ प्रश्न विचारताना 'इज' पुढे येतो. तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की 'इज' आपल्या मूळ जागी, कर्त्याच्या मागे परततो : 'आय डोन्ट नो व्हेअर माय बुक इज'. 'डू', 'डज', 'डिड' तर निघूनच जातात. 'व्हेअर डिड ही गो?' चे 'आय डोन्ट नो व्हेअर ही वेंट' होते. कोणाला आदराने विचारायचे असेल तेव्हाही हेच लागते : 'कुड यू टेल मी व्हेअर द पोस्ट ऑफिस इज?'

चांदणवेळ :
समजले, आणि त्याने लगेच पाच वाक्ये लिहूनही दाखवली. फक्त एक वाक्य त्याला बदलता येईना : 'हू ब्रोक द ग्लास?' याचे 'आय डोन्ट नो' लावून काय होईल?

गोदाकाठ :
'आय डोन्ट नो हू ब्रोक द ग्लास.' येथे 'हू' स्वतःच कर्ता आहे आणि तो आधीपासूनच क्रियापदाच्या पुढे बसलेला आहे, म्हणून हलवायला काही नाही. मराठीत जेथे 'कोण' किंवा 'कोणी' हाच करणारा असेल, तेथे प्रश्न जसाच्या तसा ठेवायला त्याला सांगावे. 'हू डिड यू मीट?' मध्ये मात्र करणारे 'यू' आहे, तेव्हा ते बदलून 'आय डोन्ट नो हू यू मेट' असे होईल. हे एक त्याला स्वतः करून पाहू द्यावे आणि मग उत्तर दाखवावे.